दिवा न लागणारा डबा

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्याला शब्द जपून ठेवायची जुनी सवय आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला तो शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली. सांगणारे ज्ञानेश्वर, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढं तीनशे वर्षं लोक त्या ग्रंथाच्या नकला करत राहिले. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. त्यात इतके पाठभेद शिरले की, १५८४ साली पैठणच्या एकनाथांना पोथ्या समोर ठेवून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. त्यांना ते जमलं याचं कारण साधं आहे. चुकलेल्या का होईना, पोथ्या होत्या! आमच्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ही असाच हातोहात उतरत आपल्यापर्यंत आला.

आता तुम्ही म्हणाल, कविराज आज प्रवचनाला बसले की काय? तसं काही नाही. आजचा माझा विषय आहे संगणकाला बाहेरून जोडतात ती हार्ड डिस्क, आणि ती सुरूच झाली नाही तर करायचं काय. मी बी.ए. झालेला माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण गेल्या पावसाळ्यात या विषयाचा अभ्यास करायची वेळ माझ्यावर आली, आणि जे कळलं ते तुमच्याही कामाचं आहे असं वाटतं. कारण लग्नाचे फोटो, जमिनीच्या कागदांच्या प्रती, गेलेल्या माणसांचे आवाज हे सगळं हल्ली ट्रंकेत नसतं, अशा काळ्या डब्यात असतं.

डब्यात असतं काय, ते आधी सांगतो. आत गुळगुळीत चकत्या असतात, आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावर चुंबकीय खुणांनी मजकूर लिहिलेला असतो. वाचणारी सुई, म्हणजे हेड, चकतीला टेकत नाही. चकती फिरताना जो हवेचा पातळ थर तयार होतो, त्यावर ती तरंगते. हे अंतर काही नॅनोमीटरचं. आपल्या डोक्याचा केस त्याच्यापुढं वडाच्या बुंध्यासारखा वाटावा. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. एवढं सगळं कपाटाएवढं धूड पन्नास लाख अक्षरं साठवायचं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा कधी कधी त्यात मावायचा नाही.

या यंत्राची एक गोष्ट मला कवी म्हणून खटकते. पोथी वाचायला उजेड पुरतो. मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी आपल्या मित्राला पत्रं लिहिली. ती टपालात पडायची सोयच नव्हती. कागद तसेच राहिले आणि १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं त्यांचं पुस्तक झालं. त्या कागदांना कुणी बारा व्होल्ट द्यावे लागले नाहीत. डब्याचं तसं नाही. त्याला वीज मिळाली नाही तर आत शंभर माणसं गात असली तरी बाहेर शांतता.

शंभर माणसं गात असली तरी, हे मी उगाच म्हणालो नाही.

माझे एक स्नेही होते. श्रीगोंदा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्यांची नोकरी झाली. सगळा मुलूख त्यांना गुरुजी म्हणायचा, मीही गुरुजीच म्हणणार. निवृत्त झाल्यावर त्यांनी हातात मावेल असं एक रेकॉर्डर घेतलं आणि मोटरसायकलवरून गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला सुरुवात केली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर केलं होतं. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमानं वाचायला-ऐकायला मिळू लागल्या. गुरुजींना त्याची माहिती होती. ते म्हणायचे, “त्यांनी समुद्र भरला, आपण आपला हौद भरू.”

त्या हौदात माझी फुफीही होती. आमच्या घरात बोलणं दखनीत, पण जात्यावर बसली की फुफी मराठीत गायची. तिला त्यात वावगं वाटायचं नाही. तिच्या बरोबरीच्या मराठ्यांच्या, माळ्यांच्या पोरींकडून जे कानावर पडलं ते तिचं झालं. ती एका ओवीत पंढरीच्या वाटेला लागायची आणि पुढच्या ओवीत नगरच्या शहाशरीफच्या दर्ग्यावर गलफ चढवायची. भावाला बोलवायची ती मात्र दोन्हीकडं सारखीच. गुरुजींनी दोन दुपार बसून तिचं सगळं मुद्रित केलं. त्यातल्या चार ओव्यांची सीडी त्यांनी मला दिली होती. बाकीचं त्यांच्या डब्यात. पुढं फुफी गेली, आणि दोन वर्षांपूर्वी गुरुजीही गेले.

गेल्या पावसाळ्यात वहिनी, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, भाजीच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला तो डबा घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “भावजी, याचा दिवा लागत नाही. पोरं म्हणतात जुना झालाय, टाकून द्या. तुम्ही एकदा बघा.”

पुण्याच्या एका ठिकाणी मी फोन केला. अशा डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. त्यांनी अंदाजे आकडा सांगितला. मी तो वहिनींना सांगितला आणि त्यांनी गुपचूप पिशवीत हात घातला. मी म्हणालो, थांबा, आधी नगरमध्ये दाखवू.

दिल्लीगेटकडच्या एका गल्लीत संगणक दुरुस्त करणारा एक तरुण आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक टेबललॅम्प आणि भिंतीला लटकलेल्या वायरींचं जंगल. शिकला आयटीआयमध्ये, पण बोलतो वैद्यासारखा. डबा हातात घेण्याआधी त्यानं आम्हाला प्रश्न विचारले. पडला होता का? पाणी लागलं का? शेवटचा कधी चालला? आवाज येतो का? आणि मग, “याचा अडॅप्टर कुठंय?”

वहिनींनी पिशवीतून अडॅप्टर काढला. त्यानं तो उलटा केला, मागची बारीक अक्षरं दिव्याखाली धरली आणि एक उसासा टाकला.

इथं मला जरा थांबून सांगितलं पाहिजे. बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कच्या दोन जाती आहेत. एक खिशात मावणारी छोटी. तिला वेगळा अडॅप्टर नसतो. यूएसबीच्या वायरीतूनच पाच व्होल्टची वीज ती घेते. जुन्या यूएसबी दोन पद्धतीच्या खाचेतून ५०० मिलिॲम्पिअर मिळायची हमी असते, यूएसबी तीनमधून ९०० ची. डिस्कला सुरुवातीला चकती फिरवताना जास्त जोर लागतो. गाडा हलवताना बैल पहिल्यांदा मान टाकतो ना, तसंच. तेवढी वीज मिळाली नाही तर दिवा मिणमिणतो, आत ‘टक’ असं होतं आणि सगळं थांबतं. अशा वेळी डिस्क खराब असेलच असं नाही. लांब वायर काढून आखूड लावा, एका खाचेला चार-चार जोडण्या करणारा हब मधून काढून टाका, संगणकाच्या पुढच्या खाचेऐवजी मागच्या खाचेत लावून बघा. नाही तर दुसऱ्याचा संगणक बघा. या मुलाच्या म्हणण्याप्रमाणं त्याच्याकडं येणाऱ्या ‘मेलेल्या’ छोट्या डिस्कांपैकी कितीतरी नुसती वायर बदलली की उठून बसतात. वायर वरून धडधाकट दिसते, आतून तुटलेली असते.

दुसरी जात टेबलावर ठेवायची, वीटभर आकाराची. तिला भिंतीतल्या सॉकेटमधून वीज लागते, ती बहुतेक बारा व्होल्टची. गुरुजींचा डबा या जातीचा. आणि वहिनींनी आणलेल्या अडॅप्टरवर लिहिलं होतं एकोणीस व्होल्ट.

झालं होतं असं. गुरुजींच्या पाठीमागं घराला रंग दिला. सामान हललं, मूळ अडॅप्टर कुठंतरी गेला. नातवाला आजोबांचं रेकॉर्डिंग ऐकायचं होतं. त्यानं लॅपटॉपचा अडॅप्टर लावला. पीन बसली. आता पीन बसली म्हटल्यावर आठवीतल्या पोरानं अजून काय बघावं? मला त्या पोराचा राग आला नाही, त्या पिनांचा आला. वायफायचा डबा नऊ व्होल्ट मागतो, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स बारा, लॅपटॉप एकोणीस, आणि सगळ्यांची तोंडं एकमेकांत जातील अशी. कुलूप वेगळं नि किल्ली एकच, असा हा कारभार कुणी केला ते कळत नाही.

त्या मुलानं मला अडॅप्टर वाचायला शिकवलं, ते तुम्हालाही सांगतो. मागं ‘आउटपुट’ असा शब्द असतो, त्याच्या पुढचे आकडे बघायचे. व्होल्टचा आकडा डब्यावर लिहिलाय तोच पाहिजे, एकाचाही फरक नको. ॲम्पिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी नको. आणि एक छोटं चित्र असतं, मधे ठिपका नि भोवती अर्धगोल. पिनेच्या पोटात अधिक आहे की उणे ते त्यावरून कळतं. ते दोन्हीकडं जुळलं पाहिजे. अडॅप्टर अस्सल असला तरी म्हातारा होतो. मीटर लावून बघितला तर बारा दाखवतो आणि डिस्क जोडली की दम सोडतो. म्हणून तपासताना त्याच मापाचा दुसरा, चालता अडॅप्टर लावून बघणं हेच खरं.

आपल्याकडं तर विजेचीच चाल वेगळी. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन. वीज गेली त्याचं दुःख नव्हतं, पण परत यायची ती अंगात आल्यासारखी यायची. एकदम झटका. गुरुजी त्या काळातही वीज आल्यावर पाच मिनिटं थांबायचे, पंख्याचा वेग एकसारखा झालाय का ते बघायचे आणि मगच संगणकाचं बटण दाबायचे. त्यांचा पंखा हेच त्यांचं व्होल्टमीटर.

असो. त्या मुलानं आपल्याकडचा बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला. काही नाही. डबा कानाला लावला, मग माझ्या कानाला लावला. आतून घरघर नाही, टकटक नाही. तो म्हणाला, “काका, टकटक नाही हे चांगलंय. टकटक करत असती तर मी हातच लावला नसता.” टकटक म्हणजे हेडला जागा सापडत नाही. अशी डिस्क जितकी जास्त चालवावी तितकी चकतीवर ओरखडे पडायची भीती. ती लगेच बंद करायची आणि जाणत्याकडं न्यायची. अगदी शांत डिस्क मात्र बऱ्याचदा उपाशी असते, मेलेली नसते.

मग त्यानं डबा उघडला. बाहेरचं प्लास्टिक काढलं की आत दोन वेगळ्या वस्तू दिसतात, हे मला पहिल्यांदा कळलं. एक खरी हार्ड डिस्क, धातूची, बंद. आणि तिला संगणकाशी जोडणारं बोटाएवढं सर्किट, म्हणजे दुभाष्या. खूपदा दुभाष्या जळतो आणि डिस्क ठणठणीत असते. तेव्हा ती बाहेर काढून दुसऱ्या खोक्यात बसवली की काम भागतं. सगळ्याच कंपन्यांच्या डब्यांत असं होत नाही. काहींमध्ये दुभाष्याच मजकुराला कुलूप घालतो, मग डिस्क दुसरीकडं लावली तरी अक्षर लागत नाही. काही छोट्या डिस्कांना तर दुभाष्या वेगळा नसतोच, यूएसबीची खाच थेट डिस्कलाच झाळलेली असते.

गुरुजींची डिस्क साधी होती. मुलानं ती त्याच्या टेबलावरच्या डॉकमध्ये उभी केली. आणि डॉकचा दिवा, जो इतका वेळ छान लागला होता, तोच विझला. डिस्क काढली की लागे, घातली की विझे. वहिनी म्हणाल्या, “अरे, आता तुझंही बिघडवलं का आम्ही?” तो मात्र पहिल्यांदा हसला. म्हणाला, “नाही मावशी, आता चोर सापडला.”

डिस्कच्या पोटाला एक हिरवं सर्किट असतं. त्यावर विजेच्या वाटेत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा एक काळा तुकडा असतो, संरक्षक डायोड. त्याचं काम द्वारपालाचं. मापाची वीज आली तर तो गप्प उभा. जास्त व्होल्ट आले की तो ती वीज स्वतःच्या अंगातून थेट जमिनीत उतरवतो आणि मागच्या चिपांना वाचवतो. झटका मोठा असेल तर स्वतः जळून कायमचा आडवा पडतो. मग दारच अडतं. पुढं योग्य वीज आली तरी ती त्याच्यातूनच वाहून जाते. अडॅप्टरला वाटतं शॉर्टसर्किट झालं, आणि तो हात आखडता घेतो. म्हणून डॉकचा दिवा विझत होता.

मुलानं मीटरच्या दोन सुया त्या तुकड्याच्या दोन टोकांना लावल्या. मीटर वाजला. उलट्या लावल्या, तरी वाजला. धडका डायोड एका बाजूनंच वीज सोडतो. त्यानं तापलेल्या सोल्डरिंग गनेनं तो तुकडा अलगद उचलला आणि चिमट्यात धरून वहिनींच्या तळहातावर ठेवला. वहिनींनी तो बांगडीची काच बघावी तसा बघितला.

तुकडा काढल्यावर डिस्क चालते, पण तिला राखण उरत नाही. आता एकदा जरी चुकीची वीज गेली तर खेळ संपला. म्हणून ती वापरात ठेवायची नाही, उघडायची ती फक्त मजकूर काढून घ्यायला. हे त्यानं दोनदा बजावलं. हा उद्योग घरी करायचा नाही हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा बजावतो. आणखी तीन गोष्टी घरी करायच्या नाहीत. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायची नाही, हा सल्ला देणारे अजून भेटतात. आत दव धरलं की चकत्या जातात. डिस्क टेबलावर आपटायची नाही. आणि चकत्यांवरचं झाकण उघडायचं नाही, धुळीचा एक कण तिथं दगडासारखा असतो. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून बसवू, असंही काही जण म्हणतात. आधुनिक डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं नोंदलेली असतात. ती चिप न हलवता नुसतं सर्किट बदललं तर सहसा उपयोग होत नाही.

डिस्क डॉकमध्ये गेली. दिवा लागलेलाच राहिला. मग आतून बारीक, चढत जाणारा आवाज आला, लांबून पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा. तो माझ्या बोटांना आधी कळला, कानाला नंतर. पडद्यावर एक खिडकी उघडली. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

इथं बरेच लोक घात करून घेतात असं तो मुलगा म्हणाला. डिस्क दिसली की कधी कधी संगणक विचारतो, फॉरमॅट करायचं का? लोक आनंदात ‘हो’ म्हणतात. ‘हो’ म्हणायचं नाही. आम्हाला संगणकानं तसं विचारलं नाही. सरळ फोल्डर दिसले. सगळं मिळून साठ जीबी. आवाज न दाबता साठवला तर मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात. म्हणजे गुरुजींनी जवळजवळ शंभर तास बायांना गातं ठेवलं होतं. सहा वर्षं ते मोटरसायकलवर फिरले. दुसऱ्या डिस्कवर नक्कल व्हायला वीस मिनिटं लागली. लगेच तिसऱ्या डिस्कवर दुसरी नक्कल केली. त्यातली एक वहिनींकडं, एक माझ्याकडं, आणि आम्ही दोघं राहतो वेगवेगळ्या गावी. मुलानं तीनशे रुपये सांगितले. वहिनींनी पाचशे दिले आणि मागं काही घेतलं नाही.

फुफीचं फोल्डर मी तिथं उघडलं नाही. घरी येऊन, दार लावून ऐकलं. गाता गाता मधेच ती थांबते आणि शेळीला हाकलते. शेळीला दखनीत शिव्या, आणि मग ओवी पुन्हा पहिल्यापासून, शुद्ध मराठीत. गुरुजी हसल्याचा आवाज येतो. जातं फिरतं आहे ते सारखं ऐकू येतं.

एवढ्यानं काम संपलं असं वाटलं होतं. पण गुरुजींच्या फायलींना नावं नाहीत, नुसते रेकॉर्डरनं दिलेले आकडे आहेत. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला ते विचारतात, “माय, नाव काय तुमचं? गाव कोणतं?” तिथं प्रश्न नाही. पण कित्येक ठिकाणी बाई आधीच गायला लागलेली, आणि त्यांनी तिला थांबवलं नाही. कोणती बाई कोणत्या गावची हे त्यांच्या डोक्यात होतं. त्याची नक्कल कुणी काढली नव्हती. त्यांची एक वही सापडली, तिच्यात पेट्रोलचा हिशेब आहे. तारीख आणि किलोमीटर. फायलीवर तारीख असते, वहीत अंतर असतं. त्यावरून गुरुजी त्या दिवशी किती लांब गेले असतील याचा अंदाज बांधायचा, असा उद्योग वहिनी आणि मी सध्या करतो. नातू संगणकावर बसतो, आम्ही ऐकतो. एकूण २१२ फायली. त्यातल्या १४६ बायांची नावं लागली. पाचसहा नावं तर नातवानंच लावली, आवाज ओळखून नव्हे, मागं वाजणाऱ्या शाळेच्या घंटेवरून.

उरलेल्या आवाजांपैकी एक माझ्या डोक्यातून जात नाही. वय झालेली बाई, खर्जातला स्वर, दम लागतोय. ती ओळ अर्ध्यावर तोडते, कारण घराच्या अगदी जवळून आगगाडी जाते. गाडी जाईपर्यंत ती थांबते आणि मग उरलेली अर्धी ओळ पुरी करते. म्हणजे रोजची सवय असणार. वहीत त्या तारखेला चव्वेचाळीस किलोमीटर आहेत, जाऊन-येऊन. दौंड-मनमाड मार्गावर आपल्या बाजूला श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर ही स्थानकं येतात. बेलवंडीला आम्ही जाऊन आलो, तिथं कुणाला आवाज ओळखू आला नाही. रविवारी विसापूरला जायचं ठरलंय. तिकडचे कुणी श्रोते रुळाजवळ राहत असतील, तर मोबाइलवर आवाज घेऊन दोन माणसं नि एक पोरगा दारात येतील, त्यांना जरा वेळ द्या.